काळ्या पाषाणात तांबं आहे, मग खानदेशात तांब्याची खाण का नाही?

पारोळा, साक्री, चाळीसगाव या बाजूला विहीर खणताना हिरवा दगड निघाला की एक प्रश्न हमखास येतो: हे तांबं तर नाही? प्रश्न रास्त आहे. घरातला तांब्या चार दिवस घासला नाही तर त्याच्यावर हिरवट कळंक चढतो. फवारणीचं मोरचूद निळंच असतं. निळ्या-हिरव्या रंगाचं तांब्याशी नातं आहे हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. त्यामुळे जमिनीतून हिरवा दगड वर आला की मनात खाण उभी राहते.

उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. तो हिरवा दगड बहुधा तांब्याचा नसतो. पण ज्या काळ्या पाषाणात तो सापडला, त्या पाषाणात मात्र तांबं असतंच.

आपल्या पायाखालचा बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून तयार झाला. या दगडात टनामागे साधारण 100 ते 200 ग्रॅम तांबं असतं. पृथ्वीच्या कवचाच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण जास्तच आहे. हिशेब करून पाहा. 20 फूट व्यासाची, 50 फूट खोल विहीर खणली तर सुमारे 1,200 टन दगड-मुरूम बाहेर निघतो. त्यात सव्वाशे ते अडीचशे किलो तांबं असतं. ते विहिरीच्या कडेला ढीग होऊन पडतं, नाहीतर क्रशरवर जाऊन खडी होतं आणि रस्त्याखाली गाडलं जातं.

मग ते काढत का नाहीत? कारण ते कुठे एका जागी नाही. पायरॉक्सीन आणि मॅग्नेटाइटच्या बारीक स्फटिकांत, गंधकयुक्त खनिजांच्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या कणांत, लाव्हा झटकन थिजताना झालेल्या काचेत, असं ते सगळीकडे विखुरलेलं आहे. दुधात लोणी असतं तसं. असतं नक्की, पण घुसळल्याशिवाय हाती येत नाही. एक किलो तांब्यासाठी पाच-दहा टन पाषाण पिठासारखा दळायचा म्हटलं तर विजेचं बिलच तांब्याच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाईल.

मोठ्या उघड्या खाणीत टनामागे निदान चार-पाच किलो तांबं असेल तर धंदा परवडतो. म्हणजे निसर्गाने आधीच तीस-चाळीस पट घुसळण करून ठेवलेली असावी लागते. तांब्याची खाण म्हणजे अशी घुसळण झालेली जागा. ही घुसळण कोण करतं, कशी करतं आणि खानदेशात ती का झाली नाही, ते समजलं की तांब्याचा भूगोल बराचसा उलगडतो.

घुसळणारं पाणी

जगातल्या बहुतेक तांब्याच्या साठ्यांमागे गरम आणि खारट पाणी आहे. थंड गोड्या पाण्यात तांबं फारसं विरघळत नाही. पण पाणी दोनशे-तीनशे अंशांपर्यंत तापलं आणि त्यात मीठ असलं, तर मिठातलं क्लोराइड तांब्याला धरतं आणि सोबत घेऊन निघतं. खोलवर दाब प्रचंड असल्यामुळे एवढं तापूनही ते पाणी उकळून वाफ होऊन जात नाही.

पण नुसतं तांबं विरघळून भागत नाही. त्या पाण्याला वर यायला वाट लागते: भेगा, प्रस्तरभंग (खडक तुटून सरकलेल्या जागा), सच्छिद्र थर. आणि वाटेत कुठेतरी असं काही घडावं लागतं की पाण्याने धरलेलं तांबं सुटेल. पाणी अचानक थंड झालं, दुसऱ्या पाण्यात मिसळलं किंवा गंधकाची गाठ पडली की तांबं खाली बसतं. हे एकदा होऊन उपयोग नाही. त्याच वाटेने हजारो-लाखो वर्षं पाणी येत राहावं लागतं. यातली एक गोष्ट जरी हुकली तरी खाण होत नाही. तांबं सगळ्या दगडांत थोडं थोडं असूनही खाणी मोजक्याच का, याचं कारण हे आहे.

मलांजखंड

भारतातला सगळ्यात मोठा तांब्याचा साठा आपल्यापासून फार लांब नाही. सातपुड्याची रांग पूर्वेकडे मैकलला भिडते त्या भागात, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड आहे. तिथली खाण चालवणारी हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी 1967 साली स्थापन झाली. मलांजखंडची उघडी खाण 1982 साली सुरू झाली.

तिथला दगड आपल्या पाषाणाचा कोणीच लागत नाही. तो ग्रॅनाइट आहे, सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा. आपला बेसाल्ट त्याच्यापुढे अगदी कालपरवाचा. त्या ग्रॅनाइटच्या भेगांतून गरम पाणी फिरलं, जाताना सिलिका मागे ठेवून गेलं आणि भेगांमध्ये पांढऱ्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, प्रचंड भिंती उभ्या राहिल्या. त्या गारेत पितळी पिवळ्या रंगाचं खनिज आहे, कॅल्कोपायराइट. तांबं, लोखंड आणि गंधक यांचं हे संयुग. शुद्ध कॅल्कोपायराइटमध्ये तांब्याचा वाटा सुमारे 34.6 टक्के. अर्थात गारेत ते शिंपडल्यासारखं असतं, त्यामुळे खाणीतल्या अख्ख्या दगडाचा विचार केला तर प्रमाण टक्क्याच्या आसपास येतं. टनाला दहा किलो. मघाच्या विहिरीएवढा खड्डा मलांजखंडच्या धातुकात खणला असता तर बारा टन तांबं मिळालं असतं.

तांब्याच्या डोंगराची एक रचना असते. ती नीट समजून घेतली की हिरव्या रंगाचा उलगडा होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

पावसाचं पाणी हवेतला ऑक्सिजन घेऊन जमिनीत मुरतं. कॅल्कोपायराइट आणि त्याच्या सोबतचं पायराइट (लोखंड आणि गंधक यांचं खनिज) यांच्याशी ऑक्सिजनची गाठ पडली की गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं, लोखंड गंजतं आणि तांबं कॉपर सल्फेट होऊन पाण्यात विरघळतं. कॉपर सल्फेट म्हणजेच मोरचूद. आपण कृषी केंद्रातून पिशवी आणतो ते निळं रसायन डोंगर स्वतःच तयार करत असतो.

हे मोरचुदाचं पाणी खाली झिरपत जातं. डोंगरमाथ्यावर उरतो लोखंडाचा गंज: तांबडा-तपकिरी, पोकळ, जळल्यासारखा दिसणारा दगड. थोडं खाली, जिथे पाण्यात कार्बोनेट असतं, तिथे काही तांबं हिरवं मॅलाकाइट आणि निळं ॲझुराइट होऊन थांबतं. बाकीचं भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचतं. तिथे ऑक्सिजन संपलेला असतो. मूळ खनिजातल्या लोखंडाला बाजूला सारून तांबं त्याची जागा घेतं आणि कॅल्कोसाइट नावाचं करडं-काळं खनिज तयार होतं. त्यात सुमारे 80 टक्के तांबं. म्हणजे आधी खोलवरच्या गरम पाण्याने एकदा घुसळलेलं, आता पावसाच्या थंड पाण्याने पुन्हा घुसळलं. अनेक खाणींचा पहिला पैसा या मधल्या थरातून आलेला असतो. त्याच्याही खाली गेलं की मूळचं पिवळं कॅल्कोपायराइट जसंच्या तसं सापडतं.

जुन्या काळी तांबं शोधणारे लोक वरचा गंज आणि त्याखालची हिरवी झाक या दोनच खुणांवर जात. मलांजखंडलाही जुन्या लोकांनी खणल्याच्या खुणा होत्याच. तेव्हा आपल्या माणसाला हिरवा दगड पाहून तांबं आठवतं, ते अगदीच निराधार नाही. खूण बरोबर आहे, दगड वेगळा आहे.

आपल्या राज्यातही तांब्याच्या जागा आहेत, पण त्या विदर्भात: चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना, नागपूर जिल्ह्यात पुलर-परसोडी. तिकडे बेसाल्टचं पांघरूण संपतं आणि जुने खडक उघडे पडतात. बेसाल्टखाली जुने खडक सगळीकडे आहेत. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं तेव्हा सुमारे 338 मीटर बेसाल्टनंतर जुना खडक लागला. खानदेशातही काळ्या पाषाणाच्या खाली तो आहेच, आणि त्यात कुठे तांबं असणं अशक्य नाही. पण वर लाव्हाचे इतके थर असताना त्याचा माग काढणं फार अवघड आहे आणि काढला तरी तिथवर पोहोचणं आणखी अवघड.

बेसाल्टमधली तांब्याची खाण

इथवर वाचून वाटेल की बेसाल्टमध्ये तांबं होतच नाही, त्याला ग्रॅनाइटच लागतो. तसं नाही, आणि मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त ओढ वाटते ती इथेच.

अमेरिकेच्या उत्तरेला लेक सुपिरियर नावाचं अवाढव्य गोडं सरोवर आहे. त्याच्या दक्षिण काठावर, मिशिगन राज्यात, कीविनॉ नावाचं जमिनीचं टोक पाण्यात घुसलं आहे. तिथला खडक बेसाल्ट. एकावर एक लाव्हाचे थर, प्रत्येक थराच्या माथ्यावर बुडबुड्यांच्या पोकळ्या, मध्ये मध्ये तांबडा गाळ. वर्णन ऐकून वाटावं की अजिंठ्याच्या डोंगराबद्दल किंवा लळिंगच्या किल्ल्याबद्दल चाललं आहे. फरक वयाचा: तो लाव्हा सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वीचा.

त्या पोकळ्यांमध्ये तांबं आहे, आणि तेही चक्क धातूच्या रूपात. गंधकाशी, ऑक्सिजनशी न जुळलेलं, लालसर, ठोकलं तर पत्रा होईल असं. तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी ते दगडी हातोड्यांनी काढलं आणि भट्टीत न वितळवता, ठोकून त्याची हत्यारं केली. 1845 पासून 1968 पर्यंत तिथल्या खाणींनी सुमारे 50 लाख टन तांबं दिलं. काही ठिकाणी भेगांमध्ये तांब्याचे एवढे मोठे सलग तुकडे निघत की सुरुंगाला ते दाद देत नसत. धातू फुटत नाही, वाकतो. मग माणसं छिन्नी-हातोडा घेऊन महिनोन्महिने ते तुकडे कापत बसत.

मग तसाच दगड, तशाच पोकळ्या असून इथे का नाही?

पहिलं कारण खोली. कीविनॉचा लाव्हा एका फाटत चाललेल्या खंडाच्या खाचेत साचला. थरांची जाडी कित्येक किलोमीटर झाली, वर आणखी गाळ साचला, खालचे थर खोल दबले आणि तापले. त्यांच्यातून निघालेलं पाणी दोनशे अंशांच्या वर गेलेलं होतं. त्या पाण्याने खोलवरच्या बेसाल्टमधलं तेच विखुरलेलं तांबं, टनाला काही ग्रॅम काही ग्रॅम, गोळा करत आणलं. आपले थर मात्र बहुतेक ठिकाणी आजही जवळजवळ आडवे पसरलेले आहेत आणि त्यांच्यावर नंतर तसं जड ओझं आलं नाही. इथेही पोकळ्यांतून गरम पाणी फिरलं, पण ते त्या मानाने बरंच कोमट होतं.

दुसरं कारण वाट. तिकडचे थर कललेले आहेत, आणि लाव्हा ओतून झाल्यावर काही कोटी वर्षांनी तो सगळा प्रदेश बाजूंनी दाबला गेला. जुने प्रस्तरभंग पुन्हा हलले, भेगा उघडल्या. खोलवर अडकलेल्या पाण्याला त्या कललेल्या सच्छिद्र थरांमधून आणि भेगांमधून वर चढता आलं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे गंधकाची कमतरता. लाव्हा उघड्या जमिनीवर पसरला की त्यातला गंधक वायू होऊन उडून जातो. कीविनॉच्या पाण्याला गंधक फारसा भेटलाच नाही, म्हणून तांबं सुटलं तेव्हा ते कोणाशी न जुळता धातूच्याच रूपात बसलं. आपला लाव्हाही जमिनीवरच पसरला होता. म्हणजे ही तिसरी अट आपणही पुरी करत होतो. कमी पडली ती खोली आणि वाट.

सावद्याच्या पोकळ्यांत काय आहे

विहीर खणणारे लोक बेसाल्टचे दोन प्रकार फार नेमके ओळखतात. एक घट्ट काळा पाषाण, ज्यात पहार मोडते. दुसरा मांजऱ्या, पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा, त्या मानाने मऊ. मांजऱ्या म्हणजे लाव्हाच्या थराचा वरचा भाग. लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर चढतो, वरची साय आधी थिजलेली असल्यामुळे बुडबुडे तिच्याखाली अडकतात. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही माणूस बसेल एवढे.

या पोकळ्या पुढे लाखो वर्षं पाण्याने भरत गेल्या. त्या पाण्याने बेसाल्टमधलं कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका विरघळवून आणली आणि पोकळीच्या भिंतीवर स्फटिक वाढवले. साधारणपणे आधी भिंतीला हिरव्या रंगाचा पातळ लेप बसतो. मग अकीक आणि गार. मग झिओलाइट कुळातली खनिजं: ह्यूलँडाइट, स्टिलबाइट, सुयांच्या झुपक्यांसारखं स्कोलेसाइट. त्यांच्या जोडीला काचेसारखं स्वच्छ ॲपोफिलाइट आणि कॅल्साइट.

रावेर तालुक्यातल्या सावद्याच्या दगडखाणीतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. केळीसाठी ओळखलं जाणारं सावदा खनिजं जमवणाऱ्यांमध्ये वेगळ्याच कारणाने ओळखलं जातं, आणि त्याचा अभिमान आपल्याकडे जेवढा असायला हवा तेवढा दिसत नाही. नाशिककडे जाणं झालं तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहा. आपल्या पोकळ्यांत काय काय वाढतं ते तिथे एका जागी बघायला मिळतं.

आता कीविनॉशी तुलना करा. झिओलाइट हे कमी तापमानाचं कुळ. पाणी जास्त तापलं की त्यांच्याऐवजी प्रेह्नाइट, एपिडोट यांसारखी खनिजं येतात. कीविनॉच्या तांब्याच्या शेजारी हीच खनिजं जागोजाग सापडतात. म्हणजे पोकळीत काय वाढलंय ते पाहून त्या काळी पाणी किती तापलं होतं याचा अंदाज येतो. सावद्याचं सुंदर स्टिलबाइट हाच पुरावा आहे की इथलं पाणी तांबं ओढून आणण्याइतकं तापलं नव्हतं. जे पाणी तांब्याला कमी पडलं, तेच असल्या स्फटिकांना अगदी बरोबर होतं.

गरम पाणी खानदेशात आजही आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवचा झरा बारमाही गरम वाहतो. तापीचं खोरं आणि सातपुडा यांच्यामध्ये मोठे प्रस्तरभंग आहेत. पावसाचं पाणी त्यांच्यातून खोल जातं, तापतं आणि परत येतं. वाट आहे, पाणी आहे, पण दोनशे अंश नाहीत आणि तेवढं मीठही नाही.

डाईक आणि गंधक

धुळे-नंदुरबार भागात फिरताना माळावर मैलोन्मैल सरळ रेषेत चाललेले काळ्या दगडाचे कणे दिसतात. हे डाईक. जमिनीला उभ्या भेगा पडल्या, त्यांतून लाव्हारस वर चढला आणि भेगेतच थिजला. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, भिंत उरली. नंदुरबार-धुळे पट्ट्यात असे दोनशेहून जास्त डाईक नोंदले गेले आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम दिशेचे. सगळ्यात लांब डाईक जवळजवळ 79 किलोमीटर जातो.

तांब्याच्या दृष्टीने हे डाईक महत्त्वाचे आहेत, कारण बेसाल्टमधून तांबं एकवटण्याचा आणखी एक रस्ता आहे. सायबेरियातही आपल्यासारखंच लाव्हाचं प्रचंड पठार आहे, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचं. तिथे नोरिल्स्कला निकेल, तांबं आणि प्लॅटिनम गटाच्या धातूंचे जगातले अव्वल साठे आहेत. तिथे पाण्याने नव्हे, तर लाव्हारसानेच घुसळण केली. जमिनीखालच्या वाटांमधून वर येताना तो रस गंधकाने भरलेल्या जुन्या गाळाच्या खडकांतून गेला आणि तो गंधक त्याने पोटात घेतला. रसात गंधक जास्त झाला की त्याचे जड थेंब वेगळे होतात, आणि तांबं-निकेल रसापेक्षा त्या थेंबांत राहणं पसंत करतं. थेंब तळाशी जमतात आणि त्यांचा साठा होतो.

म्हणून लाव्हा पठारांच्या डाईककडे आणि खोलवर थिजलेल्या रसाकडे भूवैज्ञानिक लक्ष देऊन पाहतात. आपल्याकडे वाटा भरपूर आहेत. पण वाट असून पुरत नाही, वाटेत गंधकाचा खजिना भेटावा लागतो. नोरिल्स्कसारखा साठा आपल्या पठारात आजवर सापडलेला नाही.

तांबं नसलेल्या देशातले तांबं वापरणारे लोक

खानदेशात तांबं वापरायला मात्र चार हजार वर्षांपूर्वीच सुरुवात झाली. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे, गिरणाकाठचं बहाळ ही ताम्रपाषाण काळातल्या वस्तीची ठिकाणं. प्रकाशेचं उत्खनन 1954-55 साली बी. के. थापर यांनी केलं. तापीकाठच्या सावळदा गावावरून त्या काळातल्या एका मातीच्या भांड्यांच्या परंपरेलाच नाव मिळालं आहे. पुढे दक्षिणेला, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला 1974 साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भरीव धातूच्या मूर्ती मिळाल्या. सगळ्यांचं वजन मिळून 60 किलोंहून जास्त. त्या दायमाबादच्या सगळ्यात खालच्या थरातली वस्ती याच सावळदा परंपरेची आहे.

या लोकांच्या घरात दोन प्रकारची हत्यारं होती. थोडी तांब्याची आणि खूप सारी दगडी पाती. ही पाती अकीकाच्या कुळातल्या कॅल्सेडनीची, म्हणजे आपल्याच मांजऱ्याच्या पोकळ्यांत वाढलेल्या दगडाची. तो नदीच्या पात्रात गोट्यांच्या रूपात कुठेही मिळे. तांबं मात्र बाहेरून आणावं लागे, म्हणून ते जपून वापरलं जाई आणि मोडलं तर वितळवून पुन्हा ओतलं जाई. एका काळाला आपण ताम्रपाषाण म्हणतो, त्यातलं पाषाण खानदेशाचं आणि तांबं परक्याचं.

आजही तसंच आहे. शेतातली पाणबुडी मोटार जळाली की रिवाइंडिंगला टाकतो, त्यात किलोकिलोनं तांब्याची तार जाते. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात, त्यांच्या जनित्रांत आणि केबलींत तांबं टनांच्या हिशेबाने आहे. यातलं बरंचसं परदेशातल्या डोंगरांतून येतं. चिलीसारख्या देशांतून खनिजाची भुकटी जहाजाने गुजरातला नर्मदेच्या मुखाजवळ दहेजच्या कारखान्यात उतरते आणि तिथे तिचं तांबं होतं.

तो हिरवा दगड

आता पहिल्या प्रश्नाकडे. विहिरीतला हिरवा दगड बहुतेक वेळा सेलाडोनाइट असतो, पोकळीच्या भिंतीला बसलेला तो लेप. त्याचा हिरवा रंग लोखंडाचा. ॲपोफिलाइटचे पोपटी हिरवे स्फटिकही आपल्याकडे निघतात. त्यांचा रंग व्हॅनेडियम नावाच्या धातूमुळे येतो, तोही अगदी किंचित प्रमाणात. तांब्याचा दोन्हींशी संबंध नाही.

स्वतः तपासायचं असेल तर घरच्या घरी होतं. मॅलाकाइट हाताला जड लागतं, सेलाडोनाइट मातकट आणि मऊ, नखानेही खरवडतं. लिंबाचा रस टाकून फेस आला तर घाईने निष्कर्ष काढू नका, कारण पोकळीतलं कॅल्साइटही फेसाळतं. खरी परीक्षा खिळ्याची. हिरव्या भागाची पूड करून काचेच्या ग्लासात व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी लोखंडी खिळा पॉलिश पेपरने चकचकीत घासून त्यात बुडवा. तांबं असेल तर खिळ्यावर थोड्या वेळात तांबूस थर दिसेल. ग्लासऐवजी तांब्या-पितळेचं भांडं घेऊ नका, नाहीतर भांड्याचंच तांबं खिळ्यावर येईल.

ही परीक्षा डाळिंब आणि द्राक्षवाल्यांना नवी नाही. बोर्डो मिश्रण करताना मोरचूद आणि चुना नीट जुळले का ते पाहायला विळा किंवा खिळा त्यात बुडवतात. तांबूस झाला तर अजून चुना घालतात. लोखंड तांब्याला द्रावणातून हुसकावून त्याची जागा घेतं, रसायन तेच. काही खाणींमध्ये तर तांबट पाणी भंगार लोखंडावरून सोडून तांबं मिळवलं जात असे.

खिळा कोरा राहिला तर तो दगड फेकू नका. आजूबाजूच्या पोकळ्या पाहा. त्यात स्फटिक असतील तर हातोडा मारू नका, कारण झिओलाइट फार ठिसूळ असतं. कडेचा दगड छिन्नीने सोडवून घ्या, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: गाव आणि गट नंबर, किती फुटांवर निघाला, आणि तो घट्ट पाषाणातला की मांजऱ्यातला. चिठ्ठी नसलेला स्फटिक शोभेचा राहतो. खोली आणि थर लिहिलेला असेल, तर त्यावरून भूशास्त्राचा विद्यार्थी तुमच्या शिवाराखाली कधीकाळी पाणी किती तापलं होतं ते सांगू शकतो.